उभं राहून म्हणायची प्रार्थना

दत्तूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवी ब च्या वर्गात समास शिकवत होतो. वर्गात फोन घ्यायचा नाही, हा नियम आमच्या शाळेत मीच भांडून करून घेतलेला. तो मीच मोडला, कारण पडद्यावर त्यांचं नाव दिसत होतं आणि त्या नावाचा फोन गेल्या सहा वर्षांत मी एकदाही नुसता वाजू दिला नव्हता. व्हरांड्यात येऊन "बोला दत्तूभाऊ" म्हणालो, तर पलीकडे वहिनी. "मास्तर, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी... तीस वर्षं मराठी शिकवणारा, गावात कुणीही वारलं की ज्याला दोन शब्द बोलायला हटकून उभं करतात असा मी... काय विचारावं? "वहिनी, पिऊन नाही ना?"

तोंडातून शब्द गेला आणि वाटलं, व्हरांड्यातल्या घंटेवर डोकं आपटावं. पण वहिनी रागावल्या नाहीत. "नाय हो," त्या म्हणाल्या, "सकाळी आल्याचा चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत." मग आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते. मी हाका मारल्या, गदागदा हलवलं, आणि रडायच्या आधी वाकून तोंड हुंगलं. एकोणीस वर्षं झाली सोडून, तरी हुंगलं बघा. आल्याचाच वास होता." फोनच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच वेळी मोकळी झाली, एवढं मात्र मला कळलं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण आमच्यात, म्हणजे दारू सोडलेल्या माणसांत आणि त्यांच्या घरच्यांत, माणूस कशाने गेला याच्या आधी कशाने गेला नाही ते विचारतात.

दत्तूभाऊंचं आडनाव मी लिहीत नाही. आमच्या गटात आडनावं दाराबाहेर ठेवायची पद्धत आहे. लिहू का म्हणून वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "लिहा की, पन लांबण लावू नका." हा सल्ला त्या घरातून मला नेहमीच मिळत आला आहे.

ते दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत टाक्या धुण्याच्या कामावर होते. बरोबर वाचलंत. दारू सोडलेला माणूस दिवसभर वाइनच्या टाक्या धुवायचा. हंगामात सगळ्या आवारात आंबलेल्या द्राक्षांचा वास असा दाटलेला असायचा की नाकाला फडकं बांधूनही उपयोग नाही. मी एकदा विचारलं, "अहो, दुसरं काम का नाही बघत?" तर म्हणाले, "मास्तर, दिंडोरीत कुठंबी गेलो तरी द्राक्षच हायेत. पळून पळून कुठं पळू?" दिवाळीला कंपनी कामगारांना एकेक बाटली भेट द्यायची. पहिल्या वर्षी यांनी साहेबांना सांगितलं, मला नको, त्याऐवजी गोड काहीतरी द्या. साहेबांना वाटलं, गंमत करतोय. दुसऱ्या वर्षीपासून मात्र दीडशे बाटल्यांच्या शेजारी सोनपापडीचा एक खोका वेगळा ठेवलेला असायचा. सगळी कंपनी त्यांना सोनपापडी म्हणूनच हाक मारायची. ते ओ द्यायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती सिडकोतल्या एका बालवाडीच्या खोलीत. दर रविवारी संध्याकाळी, मुलं नसताना, आमचा गट तिथे भरतो. भिंतीवर अ अननसाचा, आ आगगाडीचा, आणि खाली पंधरा-वीस बापये. मला शाळेने रजेवर पाठवलं होतं. कारण काय, तर एका पालकसभेत मी खुर्चीवर बसायला गेलो आणि खुर्ची जिथे होती असं मला वाटत होतं तिथे ती नव्हती. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्यांनीच या गटाचा पत्ता दिला होता. पहिल्याच दिवशी मला बोला म्हणाले आणि मी चाळीस मिनिटं बोललो. माझ्या पिण्याला समाज कसा जबाबदार, शिक्षण खातं कसं जबाबदार, माझे मोठे मेहुणे कसे जबाबदार... संवेदनशील माणसाची या काळात कशी कोंडी होते वगैरे. दोघं झोपले. माझं संपल्यावर एक काळासावळा, हडकुळा माणूस शांतपणे म्हणाला, "मास्तर, पिता कधी?"

"शाळा सुटल्यावर. साधारण पावणेसहा."

"मंग पावणेसहाला काय करायचं तेवढंच बोलू. शिक्षन खात्याचं सवडीनं बघू."

मीटिंग संपल्यावर बाहेरच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी मला ती प्रार्थना सांगितली. "देवा, येवढा येळ धर." बस. चार शब्द. मी पुढचं ऐकायला थांबलो, तर ते बशीतला चहा पीत होते. "एवढीच?" म्हणालो. मग त्यांनी उलगडून सांगितलं. टाकी धुवायची तर शिडी लावून वर चढावं लागतं, फरशी कायम ओली. म्हणून तिथला दंडक असा, की चढणाऱ्याने 'धर' म्हणायचं, खालच्याने शिडीला दोन्ही हात लावून 'धरली' म्हणायचं, मगच वरच्याने पहिला पाय उचलायचा. दारू सोडल्यावर पहिल्या आठवड्यात टाकीच्या तोंडाशी तो वास नाकात शिरला, तेव्हा त्यांच्या तोंडून तेच निघालं. देवाला दुसरं काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि मग कधी गरजही पडली नाही. जन्मभर दारू सोडव असं ते देवाला म्हणत नसत. "येवढं मोठं काम सांगितलं तर त्योबी टाळाटाळ करंल. दहा मिनिटं शिडी धर म्हनावं. दहा मिनिटं कुनीबी धरतं."

मी मास्तर पडलो. विचारलं, "पण दत्तूभाऊ, खालून 'धरली' कोण म्हणतं?"

"खाली बघायचं नसतंय मास्तर," ते म्हणाले. "चक्कर येती."

आता माझा पराक्रम ऐका. घरी आल्यावर मला ती प्रार्थना फारच गावठी वाटू लागली. चार शब्द, त्यात दोन अशुद्ध, ना वृत्त ना यमक. अशी प्रार्थना ऐकून देव तरी काय म्हणेल? मी रात्रंदिवस खपून तिचे सोळा श्लोक केले. भुजंगप्रयात. पहिले चार स्तवनाचे, मधले आठ आत्मनिवेदनाचे, शेवटचे चार याचनेचे. पाठ केले, बायकोला म्हणून दाखवले. ती म्हणाली, "छान आहेत, पण तुमचं मागणं शेवटच्या पानावर आहे." मी दुर्लक्ष केलं. चार दिवसांनी शाळा सुटली, मी नुकताच परत कामावर रुजू झालो होतो, फाटकातून बाहेर पडलो आणि घशात ती ओळखीची कोरड आली. लगेच प्रार्थना सुरू केली आणि चालता चालता म्हणत राहिलो. अगदी तल्लीन होऊन, डोळे अर्धे मिटून. बारावा श्लोक संपला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सर, लय दिवसांनी?" डोळे उघडले तर समोर परमिट रूमचा वेटर, मी माझ्या नेहमीच्या टेबलाशी, आणि ग्लास ठेवलेला. याचनेपर्यंत मी पोचलोच नाही. म्हणजे पोचलो, पण तोवर दुसरा ग्लास आला होता.

दुसऱ्या दिवशी शरमेने मरून त्यांना फोन केला. ते कामावर रजा टाकून एसटीने आले. आधी म्हणाले, ती कविता म्हणून दाखवा. मी सोळाच्या सोळा म्हटले. ते मान डोलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चाल चांगली हाये. पन शिडीवरचा मानूस येवढं बोलत बसला तर खालचा हात सोडून टाळ्या वाजवंल ना." मी हसलो, आणि मग लहान पोरासारखा रडलो. ते रडू देत राहिले. मग दोनच गोष्टी सांगितल्या. एक, प्रार्थना चारच शब्दांची. आणि दोन, ती उभं राहून म्हणायची, जिथं असू तिथं थांबून, चालताना कधी नाही. "डोकं सोडतं मास्तर, पन पाय लय दिवस पीत राहत्यात. त्यांच्यावर भरवसा नाय ठेवायचा."

तो दिवस आणि आजचा दिवस. त्यानंतर मी प्यायलेलो नाही. प्यायलो नाही, पण उभा मात्र फार ठिकाणी राहिलो. सिटी बसमध्ये अचानक उभा राहिलो की शेजारच्या बाईंना वाटायचं, जागा दिली. किती आजीबाईंचे आशीर्वाद मी फुकट लाटले असतील! आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या जेवणात तर कहर झाला. हॉटेलात पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी ग्लासात बर्फ पडला, तो आवाज माझ्या पाठीच्या कण्यात उतरला आणि मी हातातला घास टाकून ताडकन उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, भाषण! टाळ्या झाल्या. मी मनात "देवा, येवढा येळ धर" म्हणतोय आणि समोर चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. झक मारत बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण ते, आणि लोक अजून म्हणतात, सर, तेवढं एक भाषण तुम्ही मनापासून केलंत. दत्तूभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. "देवाला कामाला लावलं आन् लोकांनी तुम्हाला लावलं," म्हणाले.

सहा वर्षं मी रोज पावणेसहाला त्यांना फोन करायचो. बोलणं तीन वाक्यांचं. "काय मास्तर?" "उभा आहे." "बरं." आणि फोन बंद. ते गेले त्या दिवसापासून पावणेसहाला माझा हात खिशाकडे जायचा आणि तिथेच राहायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. गटातही नाही. शोकात असलेल्या माणसाला लोक फार काही विचारत नाहीत, त्याचा मी फायदा घेतला.

दशक्रिया रामकुंडावर झाली. पिंड मांडून झाले, गुरुजींनी हाक घातली, आणि कावळा काही येईना. रामकुंडावरचे कावळे खाऊन खाऊन सुस्तावलेले, त्यांना बोलवायचं म्हणजे आमंत्रणच द्यावं लागतं. एक आला होता, पण छताच्या कडेला बसून नुसता मान तिरपी करत होता. लेकीचं नाव घेऊन झालं, तिला अंतर देणार नाही म्हणून झालं. नातवाच्या शिक्षणाचं झालं. कावळा ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा गावाकडून आलेला त्यांचा पुतण्या बाळासाहेब पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "काकांचा जीव कशात असनार, सगळ्यांना माहीत हाये. एक क्वार्टर आना, पिंडावर चार थेंब टाका, बघा कसा झडप घालतो."

एकोणीस वर्षं, आणि गावाला अजून तोच जुना दत्तू पाठ होता. मी बोलायला हवं होतं. पण चारपाच जण "बरोबर आहे, कुठं कुठं ठेवतात" असं म्हणाले, वहिनी लांब बायकांत बसलेल्या, गुरुजी उन्हाने वैतागलेले... आणि बाळासाहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्हीच आना. तुम्हाला त्यातलं कळतं." आयुष्यात माझ्या ज्ञानाचा इतका मान कुणी ठेवला नव्हता. आणि मी, सांगायला लाज वाटते, "बरं" म्हणालो आणि निघालो.

दुकान दहा मिनिटांवर होतं. क्वार्टर घेतली, दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरीबॅगमध्ये घालून दिली. सहा वर्षांनी ते वजन हाताला लागलं. आणि परत चालायला लागल्यावर माझ्या डोक्यात अतिशय शांतपणे, अतिशय तर्कशुद्ध असा एक विचार आला. पिंडावर चार थेंब टाकायचे. मग उरलेली? टाकून देणं बरोबर नाही. नदीत ओतणं तर त्याहून नाही. ही दत्तूभाऊंसाठी आणलेली, म्हणजे एका अर्थी प्रसादच की... आणि विचारणारं कोण आहे? पावणेसहाला फोन घेणारा माणूस तर त्या पिंडात आहे. खांदे सैल पडले माझे. तोंडाला पाणी सुटलं. पावलं रामकुंड सोडून डावीकडच्या गल्लीला लागली, जिथे मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो, पण पावलांना माहीत होतं.

मी थांबलो. रस्त्याच्या मधोमध, फुलं-तुळशीच्या एका पाटीसमोर. "देवा, येवढा येळ धर." काही झालं नाही. परत म्हणालो. हात पिशवी घट्ट धरून होता, सुटत नव्हता. पहिल्यांदाच मला वाटलं की ही प्रार्थना त्यांच्याबरोबर गेली, आता हे नुसते चार शब्द उरलेत. इतक्यात पाटीवरची बाई ओरडली, "ओ काका, खांबासारखे काय उभे? गिऱ्हाईक दिसंना मला!" आणि मी काय केलं ते मलाही नीट कळलं नाही. वाकलो, पिशवी तिच्यापुढे केली आणि म्हणालो, "ताई, एवढं धराल का?" तिने हार ओवता ओवता, न बघता, पिशवी घेऊन मांडीशी ठेवली. "लवकर या," म्हणाली. मी वळलो आणि चालू लागलो. पन्नास पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी परत जाणार नाही, आणि घाटाच्या पायऱ्यांवर मी इतका हलका उतरलो की कुणाला वाटावं, मी पिऊन आलोय.

"आणली?" बाळासाहेबाने विचारलं.

"घेतली होती. पण माझ्या हातात देऊन ती इथवर पोचेल असं तुम्हाला वाटलंच कसं?"

दोघंतिघं हसले. त्या आवाजाने वहिनी उठून आल्या, काय झालं विचारलं, आणि ऐकल्यावर त्यांनी पुतण्याकडे असं पाहिलं की तो गुरुजींच्या मागे सरकला. "एकोणीस वर्षं ह्या मानसानं वासात उभं राहून काढली," त्या म्हणाल्या, "आन् मेल्यावर पाजताय व्हय रे? नाय शिवला कावळा तर नाय शिवला." गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेऊ लागले. मला राहवेना. मी पुढे झालो, हात जोडले, आणि दत्तूभाऊंना उद्देशून सुरू केलं... हे महात्मन्, तुम्ही दिलेल्या वाटेवरून हा पामर... कावळा तिरप्या मानेने ऐकत होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली. वहिनी पाठीमागून हळूच म्हणाल्या, "मास्तर, लांबण." मी गप्प झालो. तेवढ्यात तो उतरला, मधल्या पिंडाला चोच मारली आणि उडाला. माझ्या भाषणाचा परिणाम, असं मी पुष्कळांना सांगून पाहिलं. वहिनींचं म्हणणं, तो ते संपायची वाट बघत होता.

तीन आठवडे मी त्या रस्त्याने गेलो नाही. मग एक दिवस मन घट्ट करून त्या फुलवाल्या ताईंची माफी मागायला गेलो. त्यांनी लगेच ओळखलं. "तुम्हीच का ते! अहो, मला वाटलं बाँब ठेवून गेले. भीतभीत उघडलं, तर आत हे. कसला नवस म्हणायचा हा?" मी सगळं सांगितलं. त्या हार ओवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मोरीत ओतली मी. घरी नेली असती तर सोय झाली असती एकाची." कुणाची ते सांगितलं नाही. थोड्या वेळाने खाली बघतच विचारलं, "रविवारी किती वाजता भरतं तुमचं ते?"

बालवाडीच्या खोलीत दाराला लागून एक खुर्ची आहे. दत्तूभाऊ नेहमी तिथे बसायचे, आणि खुर्ची मुलांची असल्यामुळे त्यांचे लांब पाय दारात आडवे यायचे. नवा माणूस मध्येच उठून पळायला निघाला की त्याला ते पाय ओलांडावे लागत आणि दत्तूभाऊ ते आवरून घेत नसत. सध्या तिथे मी बसतो. गेल्या रविवारी एक गृहस्थ आले, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. वीस मिनिटांनी उठले आणि दाराशी येऊन माझ्या पायांपुढे थांबले. मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. सोळा श्लोक तर तोंडपाठ होते. मी वर बघितलं, म्हणालो, "चहा येतोय," आणि पाय होते तिथेच ठेवले. ते जरा वेळ उभे राहिले, भिंतीवरच्या अननसाकडे बघत. मग मागे वळले आणि जाऊन बसले.